शाळा, ग्रंथालय आणि पतसंस्थेसाठी प्लास्टिक कार्ड: छपाईच्या पद्धतींचे परीक्षण

एखाद्या संस्थेला आपल्या सभासदांसाठी किंवा विद्यार्थ्यांसाठी प्लास्टिकची कार्डे करून घ्यायची असतात, तेव्हा टेबलावर येणारे नमुने सगळेच देखणे असतात. विक्रेत्याने दाखवलेला फोटो निवडक असतो, रंग तजेलदार असतात आणि ते कार्ड अजून कोणाच्याही खिशात गेलेले नसते. त्यामुळे केवळ नमुना पाहून पद्धत ठरवणे धोक्याचे आहे. कार्ड किती वर्षे वापरायचे आहे, त्यावरचे नेमके काय वाचले जाणार आहे (चेहरा, नाव, बारकोड की चिप) आणि कार्ड हरवलेला माणूस दारात येऊन उभा राहिला तर त्याला नवे किती वेळात द्यायचे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली, तरच छपाईच्या पद्धतींची तुलना करण्यात अर्थ आहे. माझा संबंध शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये आणि पतसंस्था यांच्या कार्डांशी येतो, म्हणून या परीक्षणाचा रोखही त्यांच्याकडेच आहे. बँकांच्या लाखो कार्डांचे गणित निराळे असते.

आपण ज्याला ‘एटीएमच्या आकाराचे कार्ड’ म्हणतो, त्याची मापे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली आहेत: लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८ मिलिमीटर आणि जाडी ०.७६ मिलिमीटर. व्यापारात याच आकाराला सीआर-८० म्हणतात. सीआर-७९ हा किंचित लहान आकार असतो आणि त्याच्या पाठीला बहुधा गोंद असतो. तो जाड प्रॉक्सिमिटी कार्डावर (दाराच्या यंत्राजवळ नुसते धरायच्या कार्डावर) चिकटवण्यासाठी केलेला आहे, आणि मागणी नोंदवताना हे दोन आकार एकमेकांत मिसळले तर यंत्रात कार्ड अडकते. साहित्य बहुतेक वेळा पीव्हीसी असते. ज्या कार्डावर नंतर गरम लॅमिनेशन चढवायचे आहे, त्यासाठी पीव्हीसी आणि पॉलिएस्टर यांचे मिश्र कार्ड घ्यावे, कारण निव्वळ पीव्हीसी उष्णतेने वाकते.

पहिली आणि सर्वांत जास्त खपणारी पद्धत म्हणजे कार्डावर थेट छपाई. इव्होलिसचे झेनियस आणि प्रायमसी, झेब्राचे झेडसी ३००, फार्गोचे डीटीसी १२५०ई ही या प्रकारची यंत्रे. ती टेबलाच्या एका कोपऱ्यात मावतात आणि चालवायला वेगळा कारागीर लागत नाही. रिबनवर पिवळा, किरमिजी आणि निळसर असे रंगांचे पारदर्शक पट्टे एकामागोमाग असतात, त्यानंतर काळ्या रेझिनचा (राळेसारख्या पदार्थाचा) पट्टा आणि शेवटी संरक्षक आवरणाचा पट्टा. व्यवहारात या रिबनला ‘वायएमसीकेओ’ म्हणतात. प्रिंटहेडमधले बारीक तापक रिबनला जितकी उष्णता देतील, तितका रंग वाफेच्या रूपाने पीव्हीसीच्या पृष्ठभागात शिरतो. छटा ठिपक्यांच्या दाटीने न घडता उष्णतेच्या कमीजास्त प्रमाणाने घडते, म्हणून भिंगाखाली धरले तरी चेहऱ्याचा रंग सलग दिसतो. फोटोच्या बाबतीत या पद्धतीला मी मनापासून चांगले गुण देतो. त्वचेचे सावळे, गव्हाळ रंग ती इतक्या कमी खर्चात जितके नीट दाखवते, तितके दुसरी कोणतीही पद्धत दाखवत नाही.

या पद्धतीचा खर्च मात्र नीट समजून घ्यायला हवा. प्रत्येक कार्डामागे रिबनचा एक पूर्ण संच खर्ची पडतो, मग त्या कार्डावर गडद निळी पार्श्वभूमी असो किंवा कोपऱ्यात नखाएवढे बोधचिन्ह असो. रंग कमी वापरला म्हणून पैसे वाचत नाहीत. रिबनवर २००, २५० किंवा ३०० छापांचा आकडा लिहिलेला असतो; रिबनच्या किमतीला त्या आकड्याने भागले की एका बाजूचा खर्च निघतो. समजा, ३००० रुपयांची रिबन २०० छापांची असेल, तर कोऱ्या कार्डाची किंमत सोडून केवळ छपाईचेच १५ रुपये झाले, आणि मागची बाजूही रंगीत हवी असेल तर ते दुप्पट. ज्यांचा फोटो कार्डाच्या अर्ध्याच भागात आहे, त्यांच्यासाठी अर्ध्या रंगपट्ट्यांची रिबन मिळते आणि ती बरीच स्वस्त पडते. पण कार्डाचा आराखडा आधीपासूनच त्या हिशेबाने करावा लागतो, आणि हे सांगणारा विक्रेता क्वचितच भेटतो.

आता देवनागरीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मराठी संस्थांचे सर्वांत जास्त नुकसान येथे होते. ही यंत्रे इंचाला ३०० ठिपके छापतात, म्हणजे एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा. सहा पॉइंटचे अक्षर या हिशेबाने उभे २५ ठिपक्यांत बसवावे लागते, आणि त्या २५ ठिपक्यांतच शिरोरेघ, तिच्यावरची वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार यांची सोय करायची असते. रोमन अक्षरांना पुरणारा आकार देवनागरीला पुरत नाही. त्यात भर पडते ती चुकीच्या पट्ट्याची. यंत्राचे सॉफ्टवेअर शुद्ध काळा मजकूर ओळखून तो काळ्या रेझिनच्या पट्ट्याने छापते, आणि रेझिनची कड धारदार असते. पण डिझायनरने संपूर्ण कार्ड एकाच जेपेग चित्राच्या रूपात पाठवले, तर सॉफ्टवेअरला त्यात मजकूर असा वेगळा काही दिसतच नाही. ते अक्षरेही तीन रंगांच्या मिश्रणातून छापते. अशी दोन कार्डे भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. रेझिनने छापलेल्या ‘कार्यवाह’ या शब्दातला रफार सुटा, स्पष्ट आणि काळाभोर दिसतो. तोच शब्द रंगमिश्रणातून छापलेला असेल, तर रफार शिरोरेघेला चिकटतो, कडेला तपकिरी झाक येते आणि ‘य’चा पोकळ भाग भरून जातो. यंत्र तेच असते, रिबनही तीच असते. फरक पडतो तो फाइल पाठवण्याच्या रीतीमुळे. म्हणून फोटो आणि पार्श्वभूमी चित्ररूपात, पण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि क्रमांक कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्येच युनिकोड मजकूर म्हणून, तोही शुद्ध काळ्या रंगात, असा आग्रह धरावा. आकार आठ पॉइंटच्या खाली नेऊ नये. पत्ता मावत नसेल तर पत्ता मागच्या बाजूला न्यावा, अक्षर बारीक करू नये.

बारकोडलाही हाच नियम लागतो. ज्या ग्रंथालयांत कोहासारख्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरवर पुस्तकांची देवघेव चालते, तेथे सभासदाचे कार्ड दिवसभर स्कॅनरखाली येत असते. रंगमिश्रणातून तयार झालेला काळा रंग डोळ्यांना काळा वाटला तरी अवरक्त किरणांवर चालणाऱ्या स्कॅनरला तो जवळजवळ दिसतच नाही. रेझिनचा काळा दिसतो. शिवाय बारकोडची सर्वांत बारीक रेघ पूर्ण ठिपक्यांच्या पटीत असावी लागते: तीन ठिपके म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. तयार बारकोडचे चित्र कोपऱ्याला धरून ताणून जागेत बसवले की हे प्रमाण बिघडते, रेघा कधी तीन तर कधी चार ठिपक्यांच्या होतात आणि स्कॅनर अडखळू लागतो. क्यूआर कोडच्या चारही बाजूंना कोरी पांढरी जागा सोडावी आणि त्याच्या खाली रंगछटांची पार्श्वभूमी घालू नये.

थेट छपाईच्या उणिवाही गंभीर आहेत. प्रिंटहेड कार्डाला प्रत्यक्ष टेकते, त्यामुळे पृष्ठभागावर धुळीचा कण असला तर त्या जागी पांढरा ठिपका राहतो, आणि कण कठीण असला तर हेडचा तापकच निकामी होऊन त्यानंतरच्या प्रत्येक कार्डावर लांबीच्या दिशेने एक पांढरी रेघ उमटते. ही रेघ कोणत्याही साफसफाईने जात नाही. हेड बदलावे लागते, आणि यंत्रातला तोच सर्वांत महाग भाग असतो. कोरी कार्डे कडांनीच धरणे, प्रत्येक रिबन बदलताना आयसोप्रोपिल अल्कोहोलचे क्लीनिंग कार्ड फिरवणे आणि यंत्र खडूच्या धुळीपासून लांब ठेवणे, ही शाळेच्या कार्यालयात अवघड वाटणारी पण टाळता न येणारी शिस्त आहे. ‘कडेपासून कडेपर्यंत’ छपाईचा दावा असला तरी हेडला इजा होऊ नये म्हणून कडेला केसाएवढी पांढरी रेघ बहुधा राहतेच. म्हणून पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकी ठेवणे शहाणपणाचे.

टिकाऊपणाचे म्हणाल, तर त्या रिबनमधले संरक्षक आवरण फार पातळ असते. रोज स्वाइप होणाऱ्या किंवा खिशात किल्ल्यांबरोबर फिरणाऱ्या कार्डावर वर्षभरात त्याचा झिजलेला भाग दिसू लागतो. उन्हाने रंग उडतात. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: मऊ, पारदर्शक विनाइलच्या पाऊचमध्ये प्लास्टिक मऊ ठेवणारे जे द्रव्य असते, ते कार्डावरचे रंग हळूहळू आपल्याकडे ओढून घेते. काही महिन्यांनी कार्ड बाहेर काढले, तर चेहरा धूसर झालेला असतो आणि पाऊचच्या आतल्या बाजूला त्याच चेहऱ्याची फिकट उलटी प्रतिमा उमटलेली दिसते. त्यामुळे दोरीला अडकवायची कार्डे कडक होल्डरमध्येच द्यावीत. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ टिकवायचे असेल, तर लॅमिनेशनची सोय असलेले यंत्र घेऊन २५ मायक्रॉनचा पारदर्शक थर चढवावा लागतो. तेव्हा यंत्राची किंमत आणि प्रत्येक कार्डाचा खर्च दोन्ही वाढतात.

दुसरी पद्धत रिट्रान्सफरची. येथे चित्र आधी एका पारदर्शक फिल्मवर उलटे छापले जाते आणि मग ती फिल्म गरम रोलरने कार्डावर चिकटवली जाते. हेड कार्डाला स्पर्शच करत नाही, त्यामुळे कार्ड खडबडीत असले, आत चिप असली किंवा साहित्य पीव्हीसीऐवजी एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट असले तरी छपाईत खोट येत नाही, आणि रंग खरोखरच कडेच्या पलीकडे जातो. ज्या महाविद्यालयात हजेरीसाठी किंवा दारासाठी १३.५६ मेगाहर्ट्झची संपर्करहित चिप असलेली कार्डे वापरतात, तेथे हा फायदा मोठा आहे. अशा कार्डाचा पृष्ठभाग चिपच्या जागी किंचित उंचावलेला किंवा दबलेला असतो. थेट छपाईत तेथे फिका डाग पडतो आणि तो नेमका कोणाच्या तरी कपाळावर येतो. इव्होलिसचे अवान्सिया आणि फार्गोचे एचडीपी ६६०० ही यंत्रे इंचाला ६०० ठिपके देतात, त्यामुळे बारीक देवनागरीही त्यांत सुटी आणि वाचनीय येते. वरची फिल्म हीच कार्डाचे संरक्षण करते, म्हणून झीजही कमी होते.

असे असूनही लहान संस्थेने रिट्रान्सफर यंत्र विकत घ्यावे, असे मला वाटत नाही. यंत्राची किंमत साध्या यंत्राच्या कित्येक पट असते, रिबन आणि फिल्म अशा दोन गोष्टी सतत भरून ठेवाव्या लागतात, आणि केवळ एक काळा क्रमांक छापायचा असला तरी फिल्मचा पूर्ण तुकडा जातोच. रोलरची उष्णता जास्त झाली तर कार्ड वाकते, कमी झाली तर कडेला फिल्मचे तंतू लोंबतात. हे जुळवायला अनुभवी हात लागतो. चिपची कार्डे हवी असतील, तर ती रिट्रान्सफरवर बाहेरून छापून घ्यावीत. दोरीसाठी भोक पाडायचे असेल तर ते कोठे पाडायचे, हे कार्ड बनवणाऱ्याला आधी विचारावे. चिपची अँटेना बहुधा कडेने फिरवलेली असते. भोकाने ती तुटली की कार्ड दिसायला उत्तम आणि कामाला निरुपयोगी होते.

तिसरी पद्धत इंकजेट. आपल्याकडे तालुक्याच्या गावापासून शहरातल्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत तिचाच प्रसार आहे. एप्सनच्या एल ८०५ या टाकीच्या प्रिंटरला कार्डाचा ट्रे लावून अनेकांनी हा व्यवसाय सुरू केला, आणि नंतरच्या एल ८०५० मध्ये पीव्हीसी कार्ड छापण्याची सोय कंपनीनेच दिली. शाईचा खर्च नगण्य, यंत्र आवाक्यातले, आणि बिघाड झाला तर दुरुस्त करणारा जवळच सापडतो. हे तिन्ही फायदे खरे आहेत आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. अट एवढीच की कार्ड इंकजेटसाठी लेप दिलेले हवे, कारण साध्या पीव्हीसीवर शाई सुकत नाही, नुसती पसरते. उणीवही त्याच लेपात आहे. शाई वरच्या वर बसलेली असते. ओला अंगठा घासला, पावसाळ्यात कार्ड भिजलेल्या खिशात राहिले किंवा घामाने सतत ओले झाले, की रंग सुटतो. एका दिवसाच्या संमेलनासाठी, शिबिरासाठी, परीक्षेच्या पर्यवेक्षकांसाठी किंवा स्पर्धेच्या खेळाडूंसाठी ही पद्धत अगदी योग्य. तीन वर्षांच्या विद्यार्थी ओळखपत्रासाठी ती योग्य नाही.

याच इंकजेटचा दुसरा, अधिक टिकाऊ अवतार म्हणजे बाजारात ज्याला ‘ड्रॅगन शीट’ म्हणतात तो. ए-फोर आकाराच्या प्लास्टिकच्या पातळ शीटवर पुढची आणि मागची बाजू छापायची, मधे पांढरा गाभा ठेवायचा, थर एकमेकांवर अचूक जुळवायचे, फ्युजिंग यंत्रात उष्णता आणि दाब देऊन ते एकजीव करायचे, दाबाखालीच थंड होऊ द्यायचे आणि मग डाय-कटरने एकेक कार्ड कापायचे. शाई पारदर्शक थराच्या आत बंद होते, त्यामुळे पाणी आणि नख दोन्ही तिच्यापर्यंत पोचत नाहीत. काम चांगले झाले असेल तर शाळेचे कार्ड दोन-तीन वर्षे सहज निघते. पण चांगले होणे न होणे सर्वस्वी कारागिरावर अवलंबून असते. शाई पुरती वाळू दिली नाही किंवा तापमान कमी ठेवले, तर थर सुटतात, आणि ते नेहमी कोपऱ्यापासून सुटू लागतात. माल ताब्यात घेताना गठ्ठ्याच्या मधले कोणतेही एक कार्ड काढावे, कोपरा दोन्हीकडे वाकवावा आणि कडेला नख घालून पाहावे. थर किंचितही वेगळा झाला तर संपूर्ण गठ्ठा परत करावा. फिल्मवर छापून ३५० मायक्रॉनच्या पाऊचमध्ये लॅमिनेट केलेले कार्ड याहूनही स्वस्त मिळते. ते कडेने उघडते, म्हणून मी त्याची शिफारस करत नाही.

इंकजेटच्या दुकानांबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. आधार कार्ड बाजारातून पीव्हीसीवर छापून घेण्याची पद्धत सगळीकडे रुजली आहे. परंतु आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्वतःचे पीव्हीसी कार्ड सुरू केले, तेव्हा त्याचे शुल्क स्पीड पोस्टसह ५० रुपये ठेवले होते, आणि जानेवारी २०२२ मध्ये बाजारात छापलेल्या कार्डांचा वापर करू नये, कारण त्यांत सुरक्षेची कोणतीही चिन्हे नसतात, असे जाहीरपणे सांगितले. होलोग्राम, गुंतागुंतीच्या बारीक रेघांची नक्षी, फिकट दुय्यम फोटो आणि सूक्ष्म अक्षरे ही चिन्हे दुकानातल्या प्रिंटरवर निर्माण होऊ शकत नाहीत. पतसंस्थांनी आपल्या सभासद कार्डाचा विचार करतानाही हे ध्यानात ठेवावे: जे कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात हुबेहूब छापून मिळते, त्याच्या आधारावर पैसे देण्याघेण्याचा व्यवहार करू नये.

चौथी पद्धत ऑफसेटची. पीव्हीसी शाई शोषत नाही, म्हणून अतिनील दिव्याखाली क्षणात वाळणाऱ्या यूव्ही शाईने मोठ्या शीटवर अनेक कार्डे एकाच वेळी छापतात. पुढची छापील शीट, मागची छापील शीट आणि दोन्हींवर पारदर्शक ओव्हरले असे थर गरम दाबयंत्रात एकजीव करून मग पंच करतात. ०.३३ मिलिमीटरच्या दोन शीट आणि ०.०५ मिलिमीटरचे दोन ओव्हरले मिळून नेमकी ०.७६ मिलिमीटर जाडी होते. चुंबकीय पट्टी हवी असेल तर ती ओव्हरलेवरच बसवलेली येते. सोनेरी, चंदेरी शाई किंवा सहीसाठीची पांढरी पट्टी स्क्रीन प्रिंटिंगने चढवतात. बँकांची कार्डे मुळात अशाच रीतीने तयार होतात. रंग ओव्हरलेच्या खाली असल्यामुळे कार्ड झिजले तरी छपाई झिजत नाही. संस्थेच्या बोधचिन्हाचा ठरलेला भगवा किंवा निळा रंग पहिल्या कार्डापासून शेवटच्या कार्डापर्यंत तोच राहतो. भिंगाखाली ऑफसेटचे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार मांडलेले दिसतात, इंकजेटचे ठिपके विखुरलेले दिसतात आणि थेट छपाईत ठिपके दिसतच नाहीत. पुरवठादाराने ऑफसेटचे पैसे घेऊन काय हातात दिले, हे एका भिंगाने कळते. ऑफसेटची मर्यादा उघड आहे: प्लेट आणि यंत्राची मांडणी यांचा खर्च कार्डांच्या संख्येवर वाटला जातो, म्हणून शंभर-दोनशे कार्डांसाठी ती परवडत नाही आणि प्रत्येक कार्डावरचे वेगळे नाव वा फोटो तिच्यात येत नाही. डिजिटल प्रेसवर मधला मार्ग निघतो, पण तो दर शहरात उपलब्ध असतोच असे नाही.

पॉलिकार्बोनेटवर लेझरने कोरण्याची पद्धत खाडाखोड करायला सर्वांत कठीण, कारण अक्षर कार्डाच्या आतल्या थरात जळून काळे होते; ते खरवडून काढता येत नाही. पण ती मुख्यत्वे करड्या छटांत काम करते आणि सरकारी ओळखपत्रांच्या प्रमाणावरच परवडते. आपल्या संस्थांना तिची गरज नाही.

या सर्वांचा विचार करता, वर्षाला पाचशेच्या वर कार्डे लागणाऱ्या शाळेला, ग्रंथालयाला किंवा पतसंस्थेला माझी शिफारस दोन पद्धतींच्या जोडणीची आहे. बोधचिन्ह, संस्थेचे नाव, पत्ता, मागच्या बाजूचे नियम आणि पार्श्वभूमी एवढा भाग दोन-तीन वर्षांच्या गरजेइतका ऑफसेटने छापून घ्यावा. आणि सभासदाचे नाव, क्रमांक आणि बारकोड कार्यालयातल्या साध्या थेट छपाईच्या यंत्रावर, एकरंगी काळ्या रेझिनच्या रिबनने छापावा. एकरंगी रिबन एका रोलमध्ये हजार किंवा त्याहून अधिक कार्डे काढते, त्यामुळे एका कार्डाचा छपाईखर्च रंगीत छपाईच्या तुलनेत अगदी थोडा राहतो. वेगही वाढतो: रंगीत बाजूला साधारण वीस ते तीस सेकंद लागतात, तर एकरंगी कार्ड त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात बाहेर पडते. ग्रंथालयाच्या आणि पतसंस्थेच्या कार्डावर फोटो अनिवार्य नसेल तर तो टाळावा. सभासदाचा फोटो संगणकाच्या पडद्यावर दिसला की काम भागते. फोटो हवाच असेल तर त्याच यंत्रात वायएमसीकेओ रिबन घालता येते, आणि खर्च वाढला तरी पार्श्वभूमी ऑफसेटचीच राहते.

या जोडणीत दोन अटी पाळाव्या लागतात. ऑफसेट कार्डावर वरून यूव्ही वार्निश नको, गुळगुळीत ओव्हरले हवा, कारण अनेक वार्निशांवर रेझिन पकडच घेत नाही आणि नखाने अक्षर निघून येते. पंचिंगनंतर कडेला राहिलेले प्लास्टिकचे बारीक तुस हेडवर ओरखडे पाडतात, म्हणून कडा साफ असल्याची खात्री करावी. संपूर्ण मागणी नोंदवण्यापूर्वी पुरवठादाराकडून त्याच साहित्याची आणि त्याच ओव्हरलेची थोडी कार्डे मागवून आपल्या यंत्रावर, आपल्याच सभासदांची खरी आणि लांबलचक नावे घालून छापून पाहावीत. ऑफसेटच्या थरात शैक्षणिक वर्ष, मुख्याध्यापकांची सही, फोन नंबर किंवा पदाधिकाऱ्यांची नावे मुळीच घालू नयेत. यांतले एक जरी बदलले तरी उरलेला साठा रद्दीत जातो.

यंत्राच्या खरेदीत मूळ किमतीपेक्षा पुढचा पुरवठा महत्त्वाचा. बऱ्याच यंत्रांच्या रिबनवर चिप असते आणि यंत्र फक्त त्याच कंपनीची रिबन स्वीकारते. काहींत तर परदेशात विकली जाणारी रिबन भारतात विकलेल्या यंत्राला चालत नाही. म्हणून कोटेशनमध्ये यंत्राच्या ओळीखाली रिबनची, क्लीनिंग किटची आणि बदली हेडची किंमत स्वतंत्रपणे लिहून मागावी, आणि हेडची हमी कोणत्या अटींवर आहे हे लेखी घ्यावे. पुणे, मुंबई, नाशिक किंवा नागपूरला सेवाकेंद्र असलेला पुरवठादार लांबच्या स्वस्त पुरवठादारापेक्षा केव्हाही बरा. जूनमध्ये शाळा सुरू होताना यंत्र बंद पडले, तर आठवडाभर वाट पाहणे कोणालाच परवडत नाही.

यंत्र कार्यालयात आले की एक जबाबदारीही येते. वापरलेल्या रिबनचा काळा पट्टा उजेडासमोर धरला, तर छापलेले प्रत्येक नाव, जन्मतारीख आणि क्रमांक त्यावर पारदर्शक अक्षरांत, एकामागोमाग, जसेच्या तसे वाचता येते. रंगीत पट्ट्यांवर चेहरेही ओळखू येतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी मुलांची नावे आणि सभासदांचे खातेक्रमांक असलेला रोल कचऱ्याच्या पिशवीत टाकणे गैरच ठरले असते. संपलेल्या रिबनचा हिशेब रजिस्टरमध्ये ठेवावा, ती कुलुपात जमा करावी आणि जबाबदार व्यक्तीसमोर कात्रीने किंवा श्रेडरमध्ये बारीक तुकडे करून नष्ट करावी. कार्डे बाहेरून छापून घेणाऱ्या संस्थांनी हीच अट छपाईच्या करारात लिहावी, आणि नाव-फोटोंची जी फाइल पुरवठादाराकडे गेली आहे, ती काम संपल्यावर पुसून टाकल्याचे लेखी पत्र बिल चुकते करण्यापूर्वी घ्यावे.